जपानी गायिका नामिए आमुरो सोलो, म्हणजे एकटीच्या नावाने गाणारी, नेमकी कधी झाली?

जपानी पॉपच्या नोंदींमध्ये या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे: १९९५. त्या वर्षी 'सुपर मंकीज' हे गटाचं नाव तिच्या नावापासून सुटलं, ऑक्टोबरात एव्हेक्स या ध्वनिमुद्रण कंपनीकडून 'बॉडी फील्स एक्झिट' ही सिंगल, म्हणजे एका गाण्याची सुटी तबकडी, आली आणि वेष्टनावर एकटी नामिए आमुरो उरली. वय अठरा. चरित्रं, कौतुकाचे लेख, टीव्हीवरचे आठवणींचे कार्यक्रम, सगळे याच सालाशी येऊन थांबतात.

मला हे साल मान्य नाही. १९९५ मध्ये बदललं ते वेष्टन. गाणं कोण लिहिणार, कोणत्या धाटणीचं असणार, पुढचं कधी येणार, हे ठरवणारे लोक तिच्याहून वयाने आणि अधिकाराने मोठे होते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेले होते. माझ्या मते ती सोलो झाली २००१ च्या ऑगस्टमध्ये. विक्री घसरणीला लागली होती आणि हारतुरे घेऊन कुणी आलं नव्हतं.

तारखेचा एवढा कीस काढायला कारण आहे. गटात नाचणाऱ्या मुलीची एकल गायिका होणं ही गोष्ट जपानमध्ये बढतीसारखी सांगितली जाते. मागच्या रांगेतून पुढच्या रांगेत, तिथून मध्यभागी आणि मग सगळा मंच तिचा. गुण होते म्हणून पुढे गेली, विषय संपला. या सांगण्यात मोठी सोय आहे. जी पुढे गेली नाही तिच्यात गुण नव्हते असं परस्पर ठरून जातं आणि व्यवस्थेला जाब विचारायचं कारणच उरत नाही. आमुरोची कारकीर्द नीट पाहिली तर वेगळंच दिसतं. गुण तिच्यात चौदा वर्षांची असतानाही होते. स्वतःच्या कामावर हक्क यायला आणखी नऊ वर्षं गेली, आणि बऱ्यापैकी पुरता हक्क यायला तेवीस.

तिचा जन्म १९७७ चा, ओकिनावातल्या नाहा शहरातला. ओकिनावा बेटं १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होती. जपानच्या एकूण भूमीच्या जेमतेम ०.६ टक्के असलेल्या या प्रांतावर आजही अमेरिकी लष्करासाठी राखलेल्या जागेपैकी सुमारे ७० टक्के जागेचा भार आहे. तळांभोवती रॉक वाजलं, सोल वाजलं, डिस्को वाजलं, आणि तिथल्या दोन-तीन पिढ्या ते ऐकत मोठ्या झाल्या. टोकियोच्या आयडॉल धंद्याला, म्हणजे कोवळ्या वयाचे तारे घडवून विकणाऱ्या धंद्याला, हवी होती गोड हसणारी, बेताने हात हलवत गाणारी मुलगी. ओकिनावातून आली ती अमेरिकी गायिका जॅनेट जॅक्सनच्या 'रिदम नेशन'वर जीव टाकणारी. घरी आई एकटी तीन मुलांना वाढवत होती. मैत्रिणीसोबत 'ओकिनावा ॲक्टर्स स्कूल' बघायला म्हणून गेलेल्या या मुलीला संस्थापक मासायुकी माकिनो यांनी हेरलं, आणि फी परवडणार नाही म्हटल्यावर ती माफ केली. बसभाडं वाचवायला ती शाळेपर्यंत पायी जायची, हा किस्सा तिकडे सर्वतोमुखी आहे. गरिबीतून वर आलेल्या कलाकारांच्या किश्श्यांना जेवढं तिखटमीठ लागतं तेवढं यालाही लागलं असणार. पण फीमाफी मात्र लक्षात ठेवू, कारण कलाकार सांभाळणाऱ्या संस्थांच्या बाजूने बोलता येईल असा सगळ्यात भक्कम मुद्दा तिच्यातच आहे.

१६ सप्टेंबर १९९२ रोजी पाच मुलींचा 'सुपर मंकीज' गट तोशिबा ईएमआयकडून बाजारात आला. पहिली दोन वर्षं फारसं कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग १९९५ च्या जानेवारीत 'ट्राय मी' हे युरोबीट या वेगवान नाचाच्या संगीतावरचं गाणं गाजलं. त्या काळातले टीव्हीवरचे प्रयोग निरखून पाहावेत असे आहेत. पाचही जणींच्या स्टेप्स एकच, वेग एकच, कवायतच ती. फरक इतकाच की मधलीला त्याच वेळी गायचंही आहे, आणि तिचा श्वास तुटत नाही. खांदे झटकताना सूर हलत नाही, गिरकीनंतरची ओळ वेळेवर पडते. कॅमेरा बघता बघता बाकीच्या चौघींना विसरतो. तो का विसरला हे कळतं, आणि तरीही त्या चौघींबद्दल वाईट वाटतं.

वाईट वाटायचं तसं कारण नाही म्हणा. मिना, नाना, लिना आणि रेना यांचा 'मॅक्स' हा वेगळा गट त्याच वर्षीच्या मे महिन्यात उभा राहिला, आणि १९९७ पासून सलग पाच वर्षं त्या एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या 'कोहाकू' या वर्षअखेरच्या कार्यक्रमात गायल्या. जपानी कलाकाराला त्या मंचावर बोलावणं येणं म्हणजे काय, हे तिथल्या कुणालाही विचारावं. म्हणजे मागे नाचणाऱ्या काही उरल्यासुरल्या नव्हत्या. पाचही जणी तयारीच्या होत्या. हिची पाटी वेगळी आणि चौघींची वेगळी, ही वाटणी धंद्याच्या हिशेबाने झाली.

पुढची पाच वर्षं संगीतकार-निर्माते तेत्सुया कोमुरो यांची. गीत, संगीत, ध्वनिमुद्रण, सगळं त्यांच्या हातून जायचं, आणि त्या काळात जपानच्या विक्रीयाद्यांवर त्यांच्या कारखान्यातून निघालेल्या कलाकारांचंच राज्य होतं. आमुरोच्या 'स्वीट नाइन्टीन ब्लूज' या १९९६ च्या अल्बमच्या तीस लाखांहून अधिक प्रती गेल्या. १९९७ चं 'कॅन यू सेलिब्रेट?' सुमारे २२ लाख ९० हजारांवर पोहोचलं. जपानमध्ये कुठल्याही एकल गायिकेची एवढी खपलेली सिंगल दुसरी नाही. जपान रेकॉर्ड पुरस्कार दोन वर्षं लागोपाठ. रस्त्यांवर तिच्यासारख्या कोरलेल्या बारीक भुवया, तपकिरी केस, मिनी स्कर्ट आणि जाड तळव्यांचे बूट घातलेल्या मुलींचे थवे. त्यांना 'आमुरार' म्हणत.

एवढं सगळं खरं, आणि तरीही ती गाणी ऐकताना मला सतत वाटतं की इथे आवाज हा एक सुटा भाग आहे. सिंथेसायझरचा मारा, उंचावर टांगलेले सूर, शेवटाकडे हमखास एक पट्टी वर. चांगली आहेत, काही तर फारच चांगली आहेत. पण कोमुरोंच्या दुसऱ्या एखाद्या गायिकेला त्यातली निम्मी दिली असती तरी चालली असती. ज्या कामात माणूस बदलता येतो ते काम त्या माणसाचं कसं म्हणायचं? पोस्टरवर एकटीचा चेहरा असणं आणि काम एकटीचं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रीचे आकडे पहिलीबद्दल बोलतात. दुसरीबद्दल त्यांना काहीच सांगता येत नाही.

तिने स्वतः घेतलेला पहिला मोठा निर्णय गाण्यातला नव्हताच. २२ ऑक्टोबर १९९७ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, ती पत्रकारांसमोर बसली आणि नर्तक साम यांच्याशी लग्न झाल्याचं व आपण गरोदर असल्याचं तिने सांगितलं. त्या दिवशी घातलेल्या बर्बेरीच्या चौकटीच्या स्कर्टसाठी दुकानांत झुंबड उडाली, हे झालं नेहमीचं. पण धंद्याची भंबेरी उडाली त्याचं कारण निराळं होतं. १९८० मध्ये मोमोए यामागुची हिने एकविसाव्या वर्षी लग्नासाठी गाणं सोडलं. शेवटच्या प्रयोगात मायक्रोफोन मंचावर ठेवून ती निघून गेली आणि परतली नाही. आयडॉलच्या लग्नाचा तो आदर्श शेवट मानला गेला. आमुरोने लग्न केलं, मूल झालं, एक वर्ष सुट्टी घेतली आणि ३१ डिसेंबर १९९८ च्या 'कोहाकू'त ती परत येऊन गायली, डोळ्यांत पाणी असताना. बाळंतपणाची सुट्टी घेऊन कामावर रुजू होणं, एवढंच तिने केलं होतं. विसाव्या शतकाच्या अखेरीस एका श्रीमंत देशात हीसुद्धा बातमी व्हावी, यावरून आयडॉलच्या आयुष्यावर मालकी कुणाची समजली जाते ते कळतं.

आता २००१. जानेवारीत कोमुरोंबरोबरची शेवटची सिंगल आली. ऑगस्टमध्ये 'से द वर्ड' आली, आणि तिचे शब्द आमुरोचे स्वतःचे होते. गाणं ठीकच आहे. उगाच मोठेपणा द्यावा असं त्यात काही नाही. पण इथून पुढे ती काय शोधते आहे हे ऐकू यायला लागतं. २००३ मध्ये 'स्वीट शिक' या नावाखाली तिने आर अँड बी आणि हिपहॉपवाल्या मंडळींसोबत अल्बम केला, आणि त्यावर स्वतःचं नावही पुढे केलं नाही. मग 'स्टाइल', मग २००५ चा 'क्वीन ऑफ हिप-पॉप', मग २००७ चा 'प्ले'. खप कोमुरोकाळाच्या जवळपासही नव्हता. वृत्तपत्रं तिला कालची तारका म्हणून मोकळी झाली होती. ती मात्र छोट्या सभागृहांतून दौरे करत होती.

त्या दौऱ्यांची एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. ती बोलायची नाही. जपानी मैफलीत दोन गाण्यांमध्ये कलाकाराने गप्पा मारायच्या, थोडी थट्टा करायची, 'आज तुम्ही आलात, खूप छान वाटलं' म्हणायचं, असा रिवाज आहे. आयडॉलच्या बाबतीत तर चाहते अर्धे पैसे त्यासाठीच मोजतात. आमुरोने तो भाग काढूनच टाकला. साधारण दोन तास, तीसेक गाणी, कपडे बदलण्यापुरती विश्रांती, शेवटी आभाराचं एखादं वाक्य. नर्तकांच्या पुढे उभी राहून ती हात हलवत बसत नाही, त्यांच्या रांगेत मिसळून त्यांच्याच स्टेप्स करते आणि वर गाते. सुपर मंकीजमध्ये जे करत होती तेच. आता ते तिने स्वतः निवडलं होतं.

माझ्या दृष्टीने तिच्या सोलोपणाचा सगळ्यात स्पष्ट पुरावा हाच आहे. आयडॉलकडून बाजार नुसतं गाणं विकत घेत नाही. जवळीक, खुशाली, हसू, माफी, सगळं घेतो. त्यातला मोठा हिस्सा विकायला तिने नकार दिला आणि उरलेलं काम इतकं चोख केलं की तक्रारीला जागा ठेवली नाही. २००८ मध्ये तिची सिंगल नऊ वर्षांनी पुन्हा पहिल्या क्रमांकावर आली, त्याच वर्षीचा 'बेस्ट फिक्शन' हा संग्रह सलग सहा आठवडे तिथे राहिला. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कोमुरो फसवणुकीच्या आरोपाखाली अटकेत गेले. आरोप असा की आपल्या ८०६ गाण्यांचे हक्क विकतो म्हणून त्यांनी एका गुंतवणूकदाराकडून ५० कोटी येन घेतले, जेव्हा ते हक्क त्यांच्याकडे नव्हतेच. पुढे शिक्षा झाली, ती स्थगित ठेवली गेली. जो माणूस सगळं ठरवायचा असं आपण समजत होतो, त्याच्याही हातात त्याची गाणी नव्हती. या धंद्यात शोधायला गेलं तर मालक नेहमी आणखी एक खोली पलीकडे सापडतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कोमुरोकाळाने तिला नाव आणि पैसा दिला नसता तर २००३ मध्ये पडत्या खपाचे अल्बम काढायची चैन तिला परवडली असती का? नसती. मला हे पूर्ण मान्य आहे. आणि म्हणूनच तिची गोष्ट 'जिद्द असेल तर' छापाची म्हणून सांगू नये. वीस-तीस लाख प्रती खपवल्यावर जो हक्क मिळतो त्याला हक्क म्हणत नाहीत, बक्षीस म्हणतात. प्रश्न उरलेल्यांचा आहे.

त्या उरलेल्यांकडे बघू. 'केयाकिझाका४६' या गटाची युरिना हिराते चौदा वर्षांची असताना, २०१६ मध्ये, पहिल्याच गाण्यापासून मध्यभागी उभी होती. तिचं नाचणं अस्वस्थ करणारं होतं. केसांआडून रोखलेले डोळे, शरीर फेकून देण्याची तयारी. ३१ डिसेंबर २०१७ च्या 'कोहाकू'त याच गटातल्या मुलींना नाच संपता संपता श्वास घेणं कठीण झालं. हिराते त्यांच्यात होती. देशभर थेट प्रक्षेपण चालू होतं. जानेवारी २०२० मध्ये ती गट सोडून गेली. त्या वर्षअखेर तिचं एकल गाणं आलं, आणि त्याचे शब्द यासुशी आकिमोतो यांचे होते, म्हणजे गटासाठी शब्द लिहिणाऱ्या आणि तो गट उभा करणाऱ्या गृहस्थांचेच. गाणं प्रभावी आहे यात शंका नाही. पण बंधनातून बाहेर पडलेल्या मुलीचे शब्दही बंधन घालणाऱ्यांकडूनच यावेत, हे मला १९९५ चं वेष्टन पुन्हा छापल्यासारखं वाटतं.

आकिमोतोंचाच 'एकेबी४८' हा २००५ पासूनचा गट तर निर्यातीचा माल झाला. जकार्तात त्याची शाखा निघाली, २०१७ मध्ये मुंबईसाठीही घोषणा झाली होती, तिचं पुढे काही झालं नाही. आपण काही गमावलं असं मला वाटत नाही. २०१३ च्या जानेवारीत या गटातली मिनामी मिनेगिशी एका तरुणाच्या घरी राहिल्याचं साप्ताहिकात छापून आलं, तेव्हा तिने डोक्याचे केस भादरून रडत माफी मागितली, आणि ती चित्रफीत गटाच्या अधिकृत वाहिनीवरून जगाने पाहिली. अडीच वर्षांनी, सप्टेंबर २०१५ मध्ये, टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने एका माजी आयडॉलला प्रेमबंदीचा करार मोडल्याबद्दल सुमारे साडेसहा लाख येन भरायला लावले. चारच महिन्यांनी त्याच न्यायालयातल्या दुसऱ्या निकालात मात्र प्रेम करणं हा सुखाने जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हणत संस्थेचा दावा फेटाळला गेला. एकाच न्यायालयात दोन टोकं. कायदा पुरेसा बोलत नाही म्हणून न्यायाधीशागणिक उत्तर बदलतं.

संस्थांची बाजू आता घ्यायला हवी, कारण ती पोकळ नाही. माकिनोंनी फी माफ केली नसती तर आमुरो नसती. बारा-तेरा वर्षांच्या पोरीला गाणं, नाच, राहणं, खाणं पुरवायचं, दहापैकी नऊ जणींवर घातलेला पैसा बुडणार हे माहीत असताना. मग जी एक चालली तिने उद्या उठून 'येते' म्हटलं तर आधीच्या नऊंचा खर्च कुणी सोसायचा? झाड लावणाऱ्याने फळं खाऊ नयेत का?

खावीत की. पण किती वर्षं, आणि झाड तोडायचाही हक्क त्याच्याकडे का? खर्च वसूल करणं एक, आणि सोडून जाणारीला पुन्हा उभं राहता येणार नाही अशी तजवीज करणं दुसरं. जपानमध्ये भांडण या दुसऱ्या गोष्टीचं आहे. एनएचकेच्या 'आमाचान' मालिकेतून २०१३ मध्ये घराघरांत पोहोचलेल्या रेना नोनेन हिचा संस्थेशी वाद झाला, आणि २०१६ पासून ती 'नोन' या नावाने काम करते. रेना नोनेन हे तिला आईवडिलांनी ठेवलेलं नाव आहे. तेच वापरता येईल की नाही याची अडचण झाली. २०१६ च्या अखेरीस 'स्मॅप' हा बलाढ्य गट फुटला, त्यातले तिघे वर्षभरात, मुलांचे गट सांभाळणाऱ्या जॉनीज संस्थेतून बाहेर पडले आणि टीव्हीवरून जवळजवळ दिसेनासे झाले. जुलै २०१९ मध्ये जपानच्या व्यापारस्पर्धा आयोगाने वाहिन्यांवरच्या कथित दबावाबद्दल जॉनीजला ताकीद दिली. कायदा मोडल्याचा निष्कर्ष नव्हता, नुसती ताकीद होती. तरी तेवढ्यानेही धंद्यात कुजबुज वाढली, कारण आजवर तेवढंही कुणी केलं नव्हतं. याच संस्थेच्या संस्थापकाने कित्येक दशकं मुलांचं लैंगिक शोषण केल्याचं संस्थेला उघड कबूल करावं लागलं ते २०२३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. इतकी वर्षं गप्प राहिलेल्यांना विचारा, बोलला असता तर काम मिळालं असतं का. सोडून जाण्याचा हक्क हा म्हणजे निव्वळ कलेच्या स्वातंत्र्याचा लाड नाही. जिथून बाहेर पडता येत नाही तिथे काहीही खपतं.

आयोगाच्या तज्ज्ञगटाने २०१८ च्या फेब्रुवारीत एक दिशा दाखवली होती: कलाकार, खेळाडू, स्वतंत्र काम करणारे यांना अवाजवी काळ बांधून ठेवणं हा स्पर्धा-कायद्याचा विषय होऊ शकतो. मला ही वाट पटते. नीतिमत्तेच्या प्रवचनांनी संस्था सुधारत नाहीत. कराराला मुदत, नावावर कलाकाराचा हक्क आणि सोडून गेल्यावर अडवणूक केल्यास दंड, या तीन गोष्टी कागदावर असल्या की त्यांचा सूर आपोआप बदलतो. फीमाफीचा हिशेबही मुदतीत बसवता येतो. पाच वर्षं म्हणा, सात म्हणा. आयुष्यभर म्हणू नका.

आमुरोने आपली जुनी संस्था सोडली तेव्हा ती सदतीस वर्षांची होती. २०१५ पासून एव्हेक्समध्येच 'डायमेन्शन पॉइंट' हे तिचं स्वतःचं लेबल, म्हणजे तिची गाणी काढणारी शाखा, सुरू झालं. दोन वर्षांनी चाळिसाव्या वाढदिवशी तिने जाहीर केलं की पुढच्या १६ सप्टेंबरला, म्हणजे सुपर मंकीजच्या पदार्पणाला सव्वीस वर्षं होतील त्या दिवशी, आपण थांबणार. 'फायनली' या शेवटच्या संग्रहात ५२ गाणी आहेत आणि त्यातली बहुतेक जुनी गाणी तिने नव्या आवाजात पुन्हा गायली आहेत, गटाच्या काळातलीसुद्धा. चाळिशीच्या गळ्यातून 'ट्राय मी' ऐकताना ते गाणं पहिल्यांदा तिचं वाटतं. मग ठरल्या दिवशी ती गेली, आणि नंतर मंचावर परतली नाही.

२०२३ च्या नोव्हेंबरच्या सुमारास तिची गाणी स्ट्रीमिंग सेवांवरून गायब झाली, अधिकृत चित्रफितीही दिसेनाशा झाल्या. कारण जाहीर करण्यात आलं नाही. चाहते हळहळले, काही चिडले. पैसे भरून ऐकत होतो, असं कसं काढून टाकलं म्हणाले. हा निर्णय तिचा असेल तर मला तक्रारीला जागा दिसत नाही. जिने बोलायचं नाही असं ठरवलं तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या, तिने ऐकू द्यायचं नाही असं ठरवलं तर आरडाओरडा कशाला? आणि निर्णय तिचा नसेल, कुठल्या तरी दोन कंपन्यांच्या कागदांत ती गाणी अडकली असतील, तर मग २००१ हे माझं सालही चुकीचं धरा आणि २०१५ हेसुद्धा. पंचवीस वर्षं मंचावर राहिलेल्या बाईच्या आवाजाचं बटण कुणाच्या हातात आहे हे बाहेरच्या माणसाला सांगता येत नाही, अशी या धंद्याच्या करारांची स्थिती आहे. तोवर 'फायनली'च्या वीस लाखांहून अधिक प्रती लोकांच्या घरांत आहेत, आणि त्या तरी कुणाला सर्व्हरवरून उतरवता येत नाहीत.